स्टूल डाव्या टोकाला

३ फेब्रुवारी

हुप्प्या,

तुझ्या नारिंगी जोडीतला नर मेला. मेला म्हणजे मारला गेला. सकाळी टाकीचा दिवा लावला तेव्हा वाळूवर शेपटीकडचा अर्धा भाग पडला होता. डोक्याकडचा कुठेच नव्हता. मादी, जिला तू बाईसाहेब म्हणायचास, वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून धापा टाकत होती.

सोळा महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि हीही लिहिली नसती. मला मासे आवडत नाहीत. पण जिवंत जीव घरात असताना त्याची आबाळ करणं माझ्या स्वभावात नाही. रोज पाण्याचा खारेपणा मोजते, काच पुसते, रविवारी दोन बादल्या पाणी बदलते, सगळं तू भिंतीवर चिकटवलेल्या कागदाबरहुकूम. तरी महिनाभर टाकीत काहीतरी शिरलं आहे. गोगलगायींचे शंख फोडलेले सापडतात. गुलाबी फांद्यांचं प्रवाळ बुडाशी खरवडून पांढरं पडलं आहे. अंधार झाला की आतून टक् टक् आवाज येतो, कुणी अक्रोड फोडावा तसा. आणि काल पंपाच्या जाळीत एक पोकळ कवच अडकलेलं मिळालं. खेकड्याची कात. तपकिरी, केसाळ, माझ्या मुठीएवढी. तू खेकडा आणल्याचं मला आठवत नाही. हा कुठून आला आणि त्याचं काय करायचं, तेवढं कळव.

दुसरी गोष्ट. तुला लवकर सोडायचा विचार चालला आहे, असा जेलचा फॉर्म आला आहे. ‘कैद्याला घरी ठेवून घेण्यास आपण तयार आहात का?’ महिनाअखेरीच्या आत पाठवायचा होता, मी मुदत वाढवून घेतली. पण उत्तर ‘नाही’ असणार हे आधीच सांगते. ज्याने सख्ख्या भावाचा डोळा काढला त्याला, अंथरुणाला खिळलेली आई ज्या घरात आहे त्या घरात, मी घेणार नाही. माझ्या जागी तू असतास तर तूही घेतलं नसतंस.

आई आहे तशीच. झटका आल्यापासून तिच्याकडे एकच शब्द उरला आहे, तोही तुझाच. हुप्. रात्री कधी कधी ओरडून उठते, ‘हुप्, हुप्’. तुझी धास्ती अजून गेलेली नाही.

अक्का


११ फेब्रुवारी

अक्का,

तुझं अक्षर पाकिटावर बघून मला वाटलं, आई गेली. उघडायच्या आधी अर्धा तास हातात धरून बसलो. मग कळलं की मासा गेला. हसावं की रडावं ते समजेना, शेवटी दोन्ही केलं. शेजारचा म्हणाला, पंख्याकडे बघत जा, डोकं शांत होतं. पंखा बंद आहे.

खेकडा मी आणला नाही. तो दगडातून आला. मला नेलं त्याच्या तीन दिवस आधी मी समुद्रातला एक जिवंत दगड आणला होता, न्हाणीघरात निळ्या बादलीत ठेवला होता. असे दगड महिनाभर वेगळे ठेवायचे असतात, कारण भोकाभोकांत पाहुणे असतात. त्या बादलीचं काय केलंस?

आता नीट वाच. केसांवरून काही ठरवू नकोस. नांग्यांची टोकं बघ. बोथट, चमच्यासारखी असतील तर तो बिचारा शेवाळ खरवडून खाणारा. काळी आणि टोकदार असतील तर मांस खाणारा. एक उंच काचेचा पेला घे, गुळगुळीत, नक्षी नसलेला. आत कोळंबीचा तुकडा टाक आणि तो दगडाला तिरका टेकवून वाळूत रोव. खेकडा वासाने आत उतरतो, पण काचेवरून वर चढता येत नाही. लांब चिमट्याने काढता आला असता, पण आपला चिमटा पोलिसांकडे आहे.

फॉर्मवर तुला हवं ते लिही. मी काही म्हणणार नाही.

आईच्या पाठीला अजून पावडर लावता ना? आणि दिवसाची बाई सहाला जाते, मग रात्री तिच्यापाशी कोण असतं?

तुझा,
हुप्प्या

ता. क. इथे पत्रं उघडून वाचतात. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, माझी अक्का तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. शुद्धलेखन तपासू नका, तिचं चुकत नाही.


१९ फेब्रुवारी

हुप्प्या,

बादली घाण मारत होती. मी ती ओतून दिली आणि दगड टाकीत ठेवला. दगडाची जागा टाकीत असते, असं मला वाटलं. तू कागदावर लिहून ठेवायला हवं होतंस.

तुझा पेला चार रात्री रिकामा राहिला. कोळंबी फुगून पांढरी झाली. पाचव्या दिवशी मी पेल्याची वाट बघणं सोडलं आणि भिंग घेऊन बसले. गुन्हेगार सापडले. एक नाही, दोन. त्याच गुलाबी प्रवाळाच्या फांद्यांत, जिथे खरवडलेलं होतं अगदी तिथेच, अंगठ्याच्या नखाएवढे दोन खेकडे बसले होते. मलईच्या रंगाचे, अंगावर लाल ठिपके. मी भिंग जवळ नेलं तर दोघांनी माझ्यावर नांग्या उगारल्या. तीस वर्षं मी परीक्षेत कॉप्या पकडल्या आहेत. जो जागेवर सापडतो आणि वर गुरगुरतो, त्याला पुरावा मागायचा नसतो.

विणकामाची दहा नंबरची सुई घेतली. बाही वर करून खांद्यापर्यंत हात घातला. पहिल्याला फांदीवर दाबून धरलं आणि सुई पाठीतून घातली. करकन आवाज पाण्यातूनही हाताला कळला. दुसरा पळून जायचा सोडून उलट सुईवर आला. टोकच धरलं त्याने. सोडेना. तसाच बाहेर काढला, सिंकवर ठेवला आणि वरवंट्याने ठेचला. बाईसाहेब सगळं बघत होती.

खरं सांगते, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की नंतर हात धुताना माझं मलाच चमत्कारिक वाटलं. दादा सोफ्यावरून म्हणाला, “ठमे, तू तर चांगली खाटीक निघालीस.”

तेव्हा खेकड्यांचा विषय संपला. आईची काळजी करू नकोस. रात्री तिच्यापाशी माणूस असतं.

अक्का


२७ फेब्रुवारी

अक्का,

तू राखणदार मारलेस.

ते ठिपक्यांचे दोघं नवराबायको होते. पाच वर्षं त्या प्रवाळात राहत होते. त्यांचं घरदार, खाणंपिणं सगळं तिथेच. प्रवाळाला कुणी तोंड लावायला आलं की ते नांग्या उगारून अंगावर जातात, समोरचा दहापट मोठा असला तरी. जखमेपाशी बसले होते ते जखम आणखी वाढू नये म्हणून. तुझ्या सुईवर आला तोही त्यासाठीच. सांगायला हवं होतं, माझी चूक. पण तू बघितलंस काय? ते खाताना दिसले? नाही. फक्त जवळ दिसले.

आता दुसरं. दादा सोफ्यावर काय करतोय?

वकिलाकडून तू मला कळवलं होतंस की दादा दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. त्या एका वाक्यावर मी इथे सोळा महिने झोपलो. तो कधी परत आला? रात्री आईपाशी जे ‘माणूस’ असतं ते दादा आहे का? अक्का, सरळ उत्तर दे.

साहेबांनी हे वाचलं तरी वाचू देत. दवाखान्याच्या जिन्यात मी तुला सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. आईच्या दंडावरचे डाग माझे नव्हते. ती रात्री हाका मारते म्हणून दादा तिचं तोंड दाबायचा आणि दंडाच्या आतल्या मऊ भागात नख खुपसायचा. मी त्याला धरलं तेव्हा त्याचं नख आत होतं. तू जिन्यात काय म्हणालीस आठवतं? “स्वतःचं पाप आईच्या अंगावर पुसू नकोस.” त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

डोळा मी काढला. ते खरं आहे. चिमट्याचा पहिला फटका त्याला सोडवायला मारला. दुसरा आणि तिसरा, मला मारायचा होता म्हणून मारला. त्याची शिक्षा भोगतोय, तक्रार नाही.

पण डाग बघ. चंद्रकोरीसारखे आहेत का बघ. घड्याळाचं मागचं झाकण उघडायला दादा अंगठ्याचं नख वाढवतो. मी काचकाम करणारा, माझी नखं कातडीपर्यंत कापलेली असायची, नाहीतर काचेचा चुरा आत जातो. तुला माहीत आहे हे सगळं.

हुप्प्या


८ मार्च

हुप्प्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुझी लाज वाटली.

होय, दादा घरात आहे. आठ महिने झाले. तुला कळवलं नाही, कारण तू डोकं फिरवून घेशील हे मला माहीत होतं, आणि बघ, घेतलंसच. एका डोळ्याने त्याला घड्याळाचं चाक दिसत नाही. चाळीस वर्षांचा धंदा तुझ्यामुळे बसला. त्याला मी रस्त्यावर टाकू? मला दिवसभर आईला उचलून कंबर धरते, म्हणून रात्रीचं त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. आईच्या खोलीत खाट टाकून झोपतो. कधी आवाज चढवत नाही. सकाळी मी खाली येते तेव्हा माझा चहा तयार असतो. तू कधी केला होतास?

अंगठ्याचं नख आहे. सगळ्या घड्याळजींचं असतं. आईच्या दंडावर निळं आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी तसं होतं, डॉक्टर म्हणाले. तू घरात असतानाही होतं आणि तू गेल्यावरही आहे, तेव्हा ते गोळ्यांचंच. मी कोर्टात शपथेवर सांगितलं ते माझ्या डोळ्यांनी बघून सांगितलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला काय दिसतं आणि काय नाही, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

आता कामाचं. राखणदारांचं तुझं म्हणणं खरं असावं. मी त्यांना मारल्यावर तिसऱ्या दिवशी ते प्रवाळ अर्ध्यावर आलं आणि आठव्या दिवशी बुंधा उरला. बाईसाहेबांचा एक पर आणि शेपटीचा वरचा भाग गेला आहे, आता ती एका बाजूला कलून पोहते. ते मी अंगावर घेते. चूक झाली की मी कबूल करते, फक्त ती दाखवून द्यावी लागते.

तो केसाळ जीव कसा धरायचा तेवढं लिही. बाकी एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता परत करीन, आणि फॉर्म त्याच टपालाने जाईल.

अक्का


१५ मार्च

अक्का,

बरं. दादाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. फक्त खेकडा.

तो दिवसा बाहेर येत नाही आणि पांढऱ्या उजेडात तर मुळीच नाही. पण लाल उजेड त्याला दिसत नाही. विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी बांध, तुझ्या वह्यांच्या कपाटात असेल. टाकीचे दिवे संध्याकाळीच बंद कर. त्याला उपाशी ठेव, दोन दिवस टाकीत काही टाकू नकोस. पेला लावून ठेव.

साडेनऊला वर झोपायला जा, नेहमीसारखी. चपला वाजवत जा. मग अनवाणी खाली ये. घरात कोणाला सांगू नकोस. माणूस चाललं-बोललं की जमीन थरथरते आणि तो भोकात जातो. तू झोपलीस असंच सगळ्या घराला वाटू दे.

स्टूल टाकीच्या डाव्या टोकाला ठेव, भिंतीला लावून. अगदी डाव्या टोकाला, अक्का, मध्ये नको. मध्ये बसलीस तर तुझीच सावली पडते. विजेरी सारखी लावू नकोस. थोडा वेळ लाव, मग बंद कर आणि नुसती काच बघत राहा. डोळे सरावले की बंद टाकीच्या काचेत पुष्कळ दिसतं. मी तिथे बसून पुष्कळ बघितलं आहे.

एकदा दिसला म्हणून लगेच उठू नकोस. काय करतो ते पूर्ण बघ. खात्री झाली की मग ऊठ.

इथले साहेब विचारत होते, “सापडला का?” मी म्हटलं, अक्का बसली की सापडणार.

हुप्प्या


२२ मार्च

हुप्प्या,

स्टूल डाव्या टोकाला का, ते कळलं.

गुरुवारी बसले. पायाला फरशी गार लागत होती. सुई मांडीवर होती. दहाच्या सुमाराला तो आला. दगडाच्या खालच्या भोकातून आधी एक पाय, मग दुसरा, मग सगळंच गाठोडं. नांग्यांची टोकं काळी, टोकदार. बाईसाहेब दगडाच्या कपारीत झोपली होती, तो तिच्या तुटक्या पराला हात लावून बघत होता. घाई नव्हती त्याला. मी तुझं ऐकलं, उठले नाही. विजेरी बंद केली.

मग काचेत आईची खोली दिसली. माझ्या मागचं दार, झिरोचा दिवा, पलंग, खाट, सगळं. मी सतरा महिने ती काच पुसते आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं.

आई ‘हुप्’ म्हणाली. ओरडली नाही, हळू म्हणाली, दारावर कोणी आहे का असं विचारावं तसं. दादा खाटेवरून उठला. मला वाटलं, पांघरूण सारखं करतोय. ती पुन्हा म्हणाली. त्याने एक हात तिच्या तोंडावर ठेवला आणि दुसरा पांघरुणात घातला, आणि तिचे पाय ताठ झाले. मला वाटलं, कूस बदलतोय. तिसऱ्यांदा तिचा आवाज आलाच नाही, फक्त पलंग वाजला.

तीनदा. तू लिहिलं होतंस, एकदा दिसला म्हणून उठू नकोस. मी खात्री करत बसले आणि तेवढा वेळ आईने सोसलं. याची क्षमा तुलाही नाही आणि मलाही नाही.

मी दारात उभी राहिले तेव्हा त्याने दचकून दोन्ही हात काढले. अंगठ्यावर रक्त होतं. पावडरीसारखा मऊ आवाज काढून म्हणाला, “ठमे, अगं तिला स्वप्न पडलं होतं. गप्प करत होतो.”

मी म्हटलं, “किती दिवस गप्प करतोयस?”

“दिवस तुझा असतो,” तो म्हणाला. “रात्र माझी असते. रात्रभर त्याचं नाव घेते. मी मोठा, मी इथे, माझं एकदाही नाही.”

“म्हणून?”

“उद्या तिला काही आठवत नाही, ठमे.”

त्याचा डावा हात गादीच्या कडेवर टेकलेला होता. मी सुई त्या हाताच्या पाठीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी खाली दाबली. हाडाला लागून सरकली, मग आत गेली, पंज्यातून गादीत. तो असा ओरडला की शेजारची माणसं धावत आली. मी म्हटलं, “हळू. आईला आत्ता कुठे झोप लागेल.” मी सुई सोडली नाही. दार वाजत होतं तरी सोडली नाही. मला आणखी एकदा मारायचं होतं. तुझा दुसरा आणि तिसरा फटका मला कळला, हे तुला सांगायचं होतं. कळला म्हणजे बरोबर होता असं नाही.

पोलीस आले. दादा दवाखान्यात आहे, दाराशी शिपाई आहे. आईचे दोन्ही दंड डॉक्टरांनी उजेडात बघितले. जुने, नवे मिळून एकोणीस. सगळे चंद्रकोरीसारखे. मी तिला रोज आंघोळ घालते, हुप्प्या. रोज बघत होते. गोळ्यांनी डाग पडतात, ते असे नसतात, हे दुसरीतल्या मुलालाही दिसलं असतं.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. त्या दिवशी मी खोलीत नव्हते. जिन्यात होते. काच फुटल्याचा आवाज ऐकून धावत आले, तेव्हा तू दादाच्या छातीवर होतास आणि चिमटा त्याच्या तोंडावर. आधी काय झालं, मी पाहिलेलं नाही. कोर्टात विचारलं, “सुरुवातीपासून पाहिलंत?” मी “हो” म्हटलं. कुणी शिकवलं नव्हतं. मला इतकी खात्री होती की पाहिल्यासारखंच वाटत होतं. तू दारुडा नव्हतास, चोर नव्हतास. पण तू लहानपणापासून आरडाओरडा करणारा, भांडी आपटणारा, आणि तो हळू बोलणारा. मी केसांवरून ठरवलं.

सोमवारी वकिलाकडे जाते आहे.

अक्का

ता. क. त्या सगळ्या गोंधळात पेल्याकडे कोणी बघितलं नाही. पहाटे तो आत बसलेला होता. चढायचा, घसरायचा, चढायचा. सुई पोलिसांनी नेली. चिमटाही त्यांच्याकडेच. आपल्या घरातली सगळी हत्यारं आता तिथे आहेत. याचं काय करू?


३० मार्च

अक्का,

साहेबांनी पत्र मला स्वतः आणून दिलं. उघडलेलं होतंच. म्हणाले, “बसून वाच.” मी उभ्यानेच वाचलं, मग बसलो.

तुला फसवून स्टुलावर बसवलं, त्याबद्दल तू हवं ते बोल. दुसरा रस्ता सापडला नाही. सांगून तू ऐकलं नव्हतंस. तुला दाखवावंच लागतं, तूच लिहिलं होतंस. पण ‘लगेच उठू नकोस’ हे लिहिताना मला माहीत होतं की त्याचा अर्थ काय. लिहिलं आणि पाकीट बंद केलं. तेव्हापासून झोप नाही.

वकिलाला ‘हो’ बद्दल सांगितलंस तर तुला आत टाकतील. खोट्या साक्षीला शिक्षा असते. इथे पुष्कळ जणी आहेत, पलीकडच्या भिंतीमागे. तुला नाही जमणार, चहात साखर विचारून घालत नाहीत. माझी दीड-दोन वर्षं उरली आहेत, तशीच वेळ आली तर मी काढीन. तू नुसता फॉर्म भर आणि गप्प राहा. मी हात जोडतो.

सुई मारायला नको होती. पण मारलीस ते वाचून मी काय केलं ते लिहीत नाही, साहेब वाचतात.

आणि तो खेकडा. मारू नकोस, अक्का. त्याने जे केलं ते पोटासाठी केलं. आपण त्याला त्या दगडासकट घरात आणलं, मी आणि तू. मला आणि दादाला ज्या रांगेत बसवशील त्या रांगेत त्याला बसवू नकोस, तो आमच्यापेक्षा बरा आहे. टाकीच्या खाली कपाटात पंपाची छोटी टाकी आहे, तिथे तो एकटा राहील. दिवसाआड एक तुकडा.

आईला सांग, येतो म्हणाला.

हुप्प्या


१४ एप्रिल

हुप्प्या,

तुझा सल्ला मी मानला नाही. गेल्या मंगळवारी कोर्टात उभी राहिले आणि सांगितलं. न्यायाधीश बाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिने विचारलं, “तुम्ही शिक्षिका होतात, मग खोटं का बोललात?” मी म्हटलं, “मला ते खोटं वाटलं नव्हतं, तीच माझी चूक.” तिने बराच वेळ लिहून घेतलं. सुईचा खटला वेगळा चालेल आणि साक्षीचा वेगळा. तूर्त जामिनावर आहे. वकील म्हणतो, वय बघून सोडतील. मी त्याला म्हटलं, वय बघून कशाला, कागद बघून काय ते ठरवा.

दादाने कबूल केलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. ते वाचून तुला काय वाटतं ते मला कळवू नकोस. मला काय वाटतं ते मीही लिहीत नाही.

तुझी केस पुन्हा उघडणार आहे. त्याआधी तू मेच्या पहिल्या आठवड्यात घरी येशील. फॉर्मवर ‘हो’ लिहिलं. रकाना लहान होता, तरी खाली लिहिलं की कैद्याच्या आधी घरच्यांना तपासा. ते बहुधा खोडतील.

मी आत गेले तर तुला सगळं एकट्याने करावं लागेल, म्हणून लिहून ठेवते. भिंतीवर तुझ्या कागदाशेजारी माझाही चिकटवला आहे. आईला उजव्या कुशीवर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. गोळी चुरून नाही, अख्खी द्यायची, जिभेच्या मागे. दंडाला मलम सकाळ-संध्याकाळ. हात लावायच्या आधी तिला आपला हात दाखवायचा, तळवा उघडा करून. आता ती दचकत नाही, पण दाखवायचा. रात्रीची खाट मी काढून टाकली. तिथे स्टूल आहे.

बाईसाहेबांना नवा पर फुटतो आहे, पारदर्शक, कागदासारखा. प्रवाळाच्या बुंध्याला दोन ठिपके गुलाबी दिसतात. ठिपक्यांचे राखणदार दुकानात आहेत म्हणाले, पण मी आणले नाहीत. कुठल्या तोंडाने आणू? ते तू बघ.

खालच्या टाकीतला जिवंत आहे. दिवसाआड तुकडा घालते. माझी चाहूल लागली की नांग्या उगारतो. उगारू दे.

आणखी एक. रविवारी मी आईचे केस विंचरत होते. जटा झाल्या होत्या, ओढ बसत होती, पण ती काही बोलली नाही. शेवटी वेणी घालून झाली, मी समोर आले आणि तिला माझे हात उघडून दाखवले. तिने तळव्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हुप्.”

मी ओ दिली.

अक्का